फिरत्या घराच्या एसीवर ‘ई ५’ उमटतो तेव्हा

गेल्या मे महिन्यात निपाणीहून एक ट्रॅव्हलर गाडी माझ्या शेडसमोर येऊन थांबली. आतल्या सीटा काढून दोन बिछाने, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि मागच्या बाजूला एक टनाचा स्प्लिट एसी. घरच्या सगळ्यांनी मिळून कोकणात, गोकर्णला फिरायचं म्हणून हौसेनं बांधून घेतलेली गाडी. मालक माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे, बोलायला मोकळे. उतरल्या उतरल्या म्हणाले, “मिस्त्री, गार करंना झालाय बघा. ई पाच दावालंय. बोर्ड बी नवीन घातला, तरी तेच दावालंय.”

नवा बोर्ड साडेसात हजारांचा. मी इनडोअरचं झाकण काढलं. कॉइलला टेकवलेल्या सेन्सरची बारीक काळी वायर बोटात धरली आणि तिच्या मागोमाग बोर्डापर्यंत गेलो. तिथं पांढरा कपलर, म्हणजे वायर बोर्डाला जोडणारा प्लॅस्टिकचा छोटा प्लग, व्यवस्थित बसलेला दिसत होता. बॅटरीच्या उजेडात आडवं बघितलं तेव्हा कळलं, की दोनांपैकी एक पिन प्लॅस्टिकच्या घरातून मागं सरकली आहे. किती? तांदळाच्या दाण्याच्या निम्म्यानं. बारीक स्क्रूड्रायव्हरनं ती पुढं सारली, ‘टिक’ असा आवाज आला. मेन चालू केला, तीन मिनिटांनी कॉम्प्रेसर लागला आणि ई पाच गेला तो गेलाच. जुना बोर्ड पिशवीतच होता, तो चढवून बघितला. तोही ठणठणीत.

गाडीमालक काकांचे साडेसात हजार मला अजून टोचतात. बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, अथणी या आपल्या पट्ट्यात आता अशा गाड्या दिसायला लागल्या आहेत. कुणी ट्रॅव्हलर बदलून घेतो, कुणी जुन्या मिनीबसचं घर करतो. गाडी बांधून घेताना लोक लाकूड, गादी, रंग सगळं निरखून बघतात. एसीच्या पडद्यावर मात्र दोन अक्षरं उमटली, की घाबरून सांगेल तो भाग बदलतात. ती दोन अक्षरं काय म्हणतात, हे एकदा नीट समजलं तर निम्मे खर्च वाचतील, म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. कोड म्हणजे निदान नव्हे, कोड म्हणजे तक्रार. एसीच्या आत एक बोर्ड असतो. त्याला डोळे नाहीत, कान नाहीत. त्याच्याकडे येतात ते फक्त वायरींतून येणारे निरोप: खोलीचं तापमान किती, कॉइलचं किती, बाहेरच्या युनिटची हालहवाल काय, व्होल्टेज किती. यांतला एखादा निरोप आला नाही, किंवा पटण्यासारखा आला नाही, की बोर्ड यंत्र थांबवतो आणि पडद्यावर लिहितो, ‘कॉइलचा निरोप चुकतोय.’ चूक सांगणाऱ्याची, ऐकणाऱ्याची की मधल्या वाटेची, हे बोर्डाला कळायला मार्ग नाही. ते शोधणं माणसाचं काम. काकांच्या एसीवरचा ई पाच म्हणजे ‘कॉइल सेन्सर खराब’ असं बहुतेक जण वाचतात. खरं वाचन असं, की ‘कॉइल सेन्सरच्या वाटेवर काहीतरी बिघडलंय.’ या वाटेवर सेन्सर आहे, वायर आहे, कपलर आहे, सोल्डर आहे आणि अगदी शेवटी बोर्ड आहे. तपासायचंही याच क्रमानं. आपल्याकडे मात्र उलट होतं, आधी बोर्ड मागवतात.

दुसरी गोष्ट. एका कंपनीचा ई एक दुसऱ्या कंपनीत वेगळ्याच अर्थाचा असतो. एलजीच्या घरगुती एसीवर सीएच ०५ आला, तर आतल्या आणि बाहेरच्या युनिटचं बोलणं तुटलं. तेच बोलणं डायकिनमध्ये तुटलं, तर यू ४ येतो. कुणाच्या तरी एसीवर ई एक असताना अमुक केलं आणि चालू झालं, हे ऐकून आपल्या एसीला तोच उपाय करू नका. इनडोअरच्या पुढच्या पॅनेलच्या आत किंवा आउटडोअरच्या झाकणाच्या पाठीमागं (ते झाकण कारागिरानंच उघडायचं) बरेचदा वायरिंगचा कागद चिकटवलेला असतो आणि काही कंपन्या त्यावरच कोडांचा तक्ता देतात. नसला तर मॉडेल नंबर बघून त्याच मॉडेलचं पुस्तक मिळवा. डायकिनच्या बऱ्याच रिमोटवर कॅन्सलचं बटण पाच सेकंद दाबून धरलं, की ‘००’ दिसतो. मग तेच बटण एकेकदा दाबत गेलं, की कोड सरकत जातात आणि खरा कोड आला की इनडोअर लांब आवाज देतो. पडद्यावर काही न दिसता नुसता दिवा लुकलुकत असेल, तेव्हा याचा फार उपयोग होतो.

तिसरी अडचण व्हिडिओंची. ‘कॅम्परचा एसी, थर्मोस्टॅट एरर’ असं शोधलं, की बहुतेक अमेरिकेतले व्हिडिओ येतात. तिथल्या फिरत्या घरांच्या छतावर एसीचा अख्खा डबा बसवलेला असतो आणि आत भिंतीवर वेगळा थर्मोस्टॅट असतो. तो थर्मोस्टॅट आणि छतावरचा कंट्रोल बोर्ड चालतो गाडीच्या १२ व्होल्ट डीसीवर, कॉम्प्रेसर चालतो १२० व्होल्ट, ६० हर्ट्झवर. म्हणजे दोन वेगळ्या लाइटी. त्यामुळं तिथं नेहमी घडणारी गंमत अशी, की बॅटरी चांगली असल्यामुळं थर्मोस्टॅट उजळलेला असतो, आकडे दाखवत असतो, पण १२० व्होल्टची लाइन आलेलीच नसते. लोक थर्मोस्टॅट बदलत बसतात. तिथल्या काही कंपन्यांच्या थर्मोस्टॅटमधून छतापर्यंत जाणारी वायर जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी असते, टोकाला तसलाच प्लॅस्टिकचा पिन. तो नीट बसला नाही तरी कोड येतो.

आपल्या गाड्यांत बहुतेक घरगुती स्प्लिट एसीच बसवलेला असतो. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. भिंतीवर वेगळा थर्मोस्टॅट नाही, ते काम इनडोअरमधला खोलीचा सेन्सर करतो. म्हणून अमेरिकेतल्या व्हिडिओतली दुरुस्ती जशीच्या तशी उचलू नका. तिथली एक गोष्ट मात्र घ्यावी: पडदा उजळला म्हणजे सगळी लाइन शाबूत आहे, असं धरून चालू नका. आपल्याकडेही काही गाड्यांत इनडोअरला लाइन वेगळी आणि आउटडोअरला वेगळी दिलेली असते. आउटडोअरचा एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच, पडलेला आणि इनडोअर मजेत कोड दाखवत बसलेला, असं मी बघितलंय.

आता सेन्सर. सगळ्यात जास्त कोड याच बिचाऱ्याच्या नावावर येतात, म्हणून इथं जरा थांबू.

एसीतला तापमानाचा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. मिरीच्या दाण्याएवढा तुकडा, रेझिनमध्ये किंवा तांब्याच्या नळीत बसवलेला, मागं दोन वायरी. त्याचा गुण एकच: तापला की त्याचा विद्युत अडथळा घटतो, गार झाला की वाढतो. नेहमी दिसणारा एक प्रकार २५ अंशाला १० किलोओम असतो (ओम हे अडथळ्याचं माप). शून्य अंशाला तोच ३२ किलोओमच्या आसपास जातो, ५० अंशाला साधारण साडेतीनवर येतो. कंपनीप्रमाणं आणि जागेप्रमाणं ५, १५, २० किलोओमचेही असतात. म्हणून बाजारात ‘एसीचा सेन्सर द्या’ म्हणून चालत नाही. दिसायला सारखाच, पण किलोओम वेगळा असलेला सेन्सर घातला तर कोड निघून जाईल आणि एसी भलत्याच तापमानाला बंद-चालू होत राहील. हा दोष कोडापेक्षा वाईट, कारण तो पडद्यावर दिसत नाही.

बोर्ड हा अडथळा मोजतो कसा? वाटणी करून. समजा, दोन भावांत पाच एकर वाटायचे आहेत आणि ज्याचा खर्च जास्त त्याला जमीन जास्त. एक भाऊ बोर्डावर कायमचा बसलेला, १० किलोओमचा रेझिस्टर, त्याचा खर्च कधी बदलत नाही. दुसरा भाऊ थर्मिस्टर. वाटायचे आहेत पाच व्होल्ट. २५ अंशाला दोघेही दहा-दहा, म्हणून अडीच-अडीच व्होल्ट. कॉइल शून्यावर गेली, थर्मिस्टर ३२ झाला, त्याच्या वाट्याला ३.८ व्होल्ट आले. ५० अंशाला तो साडेतीनवर आला, त्याला १.३ व्होल्टच मिळाले. बोर्ड थर्मिस्टरच्या वाट्याचे व्होल्ट बघून तापमान ओळखतो.

आता वायर तुटली. तुटलेल्या वाटेचा अडथळा अमर्याद, म्हणजे अख्खे पाच व्होल्ट तिकडंच. बोर्डाला वाटतं, कॉइल जगात कुठं नसेल इतकी थंड झाली. उलट दोन वायरी एकमेकींना चिकटल्या, तर वाटा शून्य. बोर्डाला वाटतं, कॉइलला आग लागली. ही दोन टोकं आली, की बोर्ड ओळखतो, की हे तापमान नव्हे, हा बिघाड आहे. म्हणून पुस्तकात ‘सेन्सर ओपन किंवा शॉर्ट’ असं लिहिलेलं असतं. हे समजलं, की एक गुपित उलगडतं. खोलीच्या सेन्सरची पिन अर्धवट टेकलेली असेल, तिच्यावर हिरवट थर चढला असेल, तर अडथळा थोडाच वाढतो. टोक गाठलं जात नाही, कोड येत नाही, पण बोर्डाला खोली असते त्यापेक्षा थंड वाटते. मग तो लवकर कॉम्प्रेसर थांबवतो आणि घरची माणसं म्हणतात, गॅस कमी झालाय. गॅस भरून घेतात. दोष तिथंच राहतो.

सेन्सर घरीही तपासता येतो, तीनशे रुपयांचा साधा मीटर पुरतो. मेन बंद करा, प्लग काढा, दहा मिनिटं थांबा. सेन्सरचा कपलर बोर्डावरून काढा, वायर ओढू नका, प्लॅस्टिकचं डोकं धरून काढा. मीटर किलोओमवर ठेवा आणि दोन पिनांना टोकं लावा. बाहेर तीस अंश असेल तर १० किलोओमचा सेन्सर आठच्या आसपास दाखवेल. आता सेन्सरचं टोक मुठीत धरा. आकडा हळूहळू खाली यायला लागतो: ७.९, ७.७, ७.४. मग पेल्यात बर्फ आणि थोडं पाणी घेऊन त्यात टोक बुडवा. आकडा चढत चढत तीसच्या पुढं जाऊन थांबला, तर सेन्सर निरोगी. मधेच उडी मारली, अडकला किंवा काहीच दाखवलं नाही, तर सेन्सर बदला. हे करताना दुसऱ्या हातानं वायर थोडी हलवून बघा. हलवताना आकडा नाचला, तर वायर आतून तुटलेली आहे, वरचं आवरण कितीही चांगलं दिसो. फिरत्या गाडीत हा दोष घरापेक्षा कितीतरी जास्त. प्लायवूडच्या कडेवर वायर घासत राहते, महिनोन्महिने.

सेन्सर चांगला, वायर चांगली, कपलर घट्ट, तरी कोड आहे? मग बोर्डाकडे बघा. पावसाळ्यात बोर्डावर ओल धरते, मुंग्या रिलेच्या खाली घर करतात, पाल दोन टोकांना चिकटून मरते. मलप्रभेच्या उगमाजवळ, कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला गाडी उभी ठेवून आलेल्या लोकांच्या बोर्डांवर मी पांढरी बुरशी बघितलीय. प्रत्येक वेळी बोर्ड टाकून द्यावा लागत नाही. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ करून, पूर्ण सुकवून लावला, की बरेच चालू होतात. हे काम मात्र कारागिराकडूनच करून घ्या.

माझ्याकडे गाडी आली, की मी पहिला प्रश्न विचारतो तो ‘कुठला कोड?’ हा नाही. मी विचारतो, ‘कधी येतो?’ याचं उत्तर कोडापेक्षा जास्त बोलतं. सकाळी बरा चालतो आणि दुपारी दोननंतरच येतो, तर ती उष्णतेची गोष्ट. घाट उतरल्यावर येतो, तर जोडांची. गावात उभी असताना संध्याकाळी येतो आणि रात्री अकरानंतर येत नाही, तर व्होल्टेजची. पावसानंतर येतो, तर ओलीची. जनरेटरवर येतो आणि घरच्या लाइनवर येत नाही, तर एसीला हात लावायचं कारणच नाही.

उष्णतेची गोष्ट आधी. गाडी सुबक दिसावी म्हणून लोक आउटडोअर युनिट मागच्या पेटीत बसवतात आणि पेटीला दोन बोटांच्या फटी ठेवतात. आउटडोअरचं काम आतली उष्णता बाहेर फेकणं. एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता गाडीतून उपसायची, वर कॉम्प्रेसरची स्वतःची उष्णता. दोन मोठे गिझर चालू ठेवलेत असं समजा, आणि त्यांचा वारा पेटीतच फिरतोय. फेकलेली गरम हवा पंखा पुन्हा आत ओढतो, दाब चढतो, कॉम्प्रेसरच्या नळीचं तापमान मर्यादेपलीकडं जातं आणि बोर्ड यंत्र थांबवतो. कोड येतो ‘डिस्चार्ज टेम्परेचर’ किंवा ‘हाय प्रेशर’चा. अथणीच्या एका गाडीला मी पेटीचं मागचं दार काढून फक्त लोखंडी जाळी लावून दिली. पंखा समोर मोकळी हवा टाकेल आणि मागून-बाजूनं ताजी हवा घेईल, एवढीच व्यवस्था. कोड परत आला नाही. तांबड्या मातीनं आउटडोअरच्या जाळ्या बुजल्या तरी हेच होतं. पाण्याच्या साध्या धारेनं, यंत्र बंद असताना, धुऊन घ्या. प्रेशर पंपाची जोरदार धार मारू नका, पत्र्याच्या पातळ पात्या वाकतात.

उलट टोकाला बर्फाचा कोड. कॉइलचं तापमान शून्याच्या खाली जायला लागलं, की बोर्ड कॉम्प्रेसर थांबवून नुसता पंखा चालवतो, बर्फ वितळावा म्हणून. काही यंत्रं तेव्हा कोड दाखवतात. लोकांना वाटतं सेन्सर गेला, पण सेन्सर खरंच सांगत असतो. झाकण उघडून बघा. कॉइलवर सगळीकडे सारखा बर्फ असेल तर हवा कमी पडतेय: फिल्टर बुजलाय, ब्लोअरच्या पात्यांत धूळ बसलीय. गाडीत स्वयंपाक होतो, तेलकट वाफ फिल्टरवर बसते आणि तिच्यावर धूळ चिकटते. म्हणून गाडीतला फिल्टर पंधरा दिवसांनी धुवावा लागतो. बर्फ फक्त कॉइलच्या एका कोपऱ्यात, नळी आत शिरते तिथंच असेल, तर गॅस कमी असण्याची शक्यता जास्त. गाडीच्या थरथरीनं नळीच्या पितळी नटाचे जोड सैल होतात आणि गॅस मुंगीच्या पावलानं निघून जातो. जोडाभोवती तेलकट डाग दिसला, तर गळती तिथंच. गॅस स्वतः भरू नका. आजच्या बऱ्याच एसींत आर ३२ असतो, तो पेट घेऊ शकतो, आणि गाडीची आतली जागा अगदी लहान असते. आधी गळती बंद, मग गॅस. गळती न शोधता गॅस भरून देणाऱ्याला पैसे देऊ नका.

बोलणं तुटल्याचा कोड थोडक्यात सांगतो, कारण यातला तपास चालू लाइनवर करावा लागतो आणि तो कारागिराचाच. आतल्या आणि बाहेरच्या युनिटमध्ये फेज, न्यूट्रल, अर्थिंग आणि एक निरोपाची वायर असते. अनेक इन्व्हर्टर एसींत, म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या एसींत, निरोप हा फेज-न्यूट्रलच्या जोडीतल्या एका वायरीच्या आधारानंच जातो. त्यामुळं त्या दोघींची अदलाबदल झाली, तर पंखा फिरेल, पडदा उजळेल, पण निरोप पोचणार नाही. गाडी बांधताना एखाद्यानं मधेच वायरीला जोड दिला आणि वर टेप गुंडाळला, तर तो जोड वर्षभरात दगा देतो. माझ्याकडे गोकाकचा एक पोरगा काम शिकतो. परवा पंधरा मिनिटं गाडीखाली झोपून तो ओरडला, “सर, वायर कट आगेद!” वायर तुटली होती, चॅसिसच्या क्लिपखाली. नेहमीची जागा. ही वायर सलग, बिनजोड आणि लवचिक नळीतूनच न्यावी, हे गाडी बांधतानाच सांगा.

आता व्होल्टेज, म्हणजे आपल्या पट्ट्यातलं सगळ्यात मोठं प्रकरण. उन्हाळ्यात उसाला पाणी सोडायला मोटारी लागल्या, की रायबाग-चिक्कोडीकडच्या वस्त्यांवर शेवटच्या खांबापाशी २३० च्या जागी २०० सुद्धा मिळणं अवघड. गाडी पाहुण्यांच्या घरासमोर उभी करायची, खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड बाहेर काढायचा आणि त्यावर एसी लावायचा. मग यंत्रावर लो व्होल्टेजचा कोड येतो. घरातला फ्रिज, टीव्ही सगळं चालू असतं, म्हणून माणूस म्हणतो, लाइट तर आहे!

हिशेब करून बघू. दीड स्क्वेअर मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीला किलोमीटरला साधारण १२ ओम अडथळा असतो. तीस मीटरचं एक्स्टेंशन म्हणजे जायची आणि यायची मिळून साठ मीटर वायर, पाऊण ओमच्या जवळपास. एक टनाचा एसी चालताना पाच अँपिअर घेतो, म्हणजे वायरीत जेमतेम चार व्होल्ट जातात. काही बिघडत नाही. पण साधा, बिनइन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर तीस अँपिअर ओढू शकतो. तेव्हा वायरीत २२ व्होल्ट जातात. भिंतीच्या सॉकेटमध्ये २०० होते, एसीपाशी १७८ उरले. कॉम्प्रेसर घुमतो, उठत नाही, ट्रिप होतो. याच जागी चार स्क्वेअरची वायर असती, तर आठच व्होल्ट गेले असते. म्हणून गाडीसाठी एक्स्टेंशन चार स्क्वेअरचं, १६ अँपिअरच्या जाड पिनांचं घ्या आणि वापरताना पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या रीळवर एसी चालवला, तर वायर आत तापते आणि आवरण वितळतं. पंधरा मिनिटं चालवून प्लगला हाताची पाठ लावून बघा. चटका बसला, तर तो प्लग तुमच्या कोडाचं कारण आहे, आणि उद्याच्या आगीचंसुद्धा.

बॅटरीवर एसी चालवणाऱ्यांनी दुसरा हिशेब मांडावा. हजार वॉट १२ व्होल्टवर ओढायचे म्हणजे ८३ अँपिअर, बॅटरीच्या लाइनीची २३० व्होल्ट एसी लाइन करणारा डबा, म्हणजे इन्व्हर्टर, त्याचं नुकसान धरून नव्वदच्या वर. दीडशे अँपिअर-तासाची एक बॅटरी यात तास-दीड तासही टिकत नाही. शिवाय १२ व्होल्टच्या वायरीत एखादा व्होल्ट गेला तरी फार झाला. बॅटरीचे लग (वायरीच्या टोकाचे धातूचे जोड) सैल असले, की इन्व्हर्टरला १०.५ दिसतात आणि तो लाइन तोडतो, आणि इकडं एसीवर पॉवरचा कोड येतो. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच हवा. स्वस्त चौकोनी लाटेवर दिवे-पंखे चालतात, इन्व्हर्टर एसीचा बोर्ड मात्र कोड टाकून बसतो.

जनरेटरबद्दल एकच, पण कळकळीनं. एसी चालावा म्हणून रात्री जनरेटर गाडीच्या खिडकीखाली लावून, काचा बंद करून झोपू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपेतच माणसाला घेऊन जातो. जनरेटर लांब, वारा धूर गाडीपासून दूर नेईल अशा बाजूला ठेवा आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा. तो अलार्म एसीच्या आधी घ्यायची वस्तू आहे.

रीसेट कसा करायचा, हे सगळे विचारतात. रिमोटनं बंद करणं म्हणजे रीसेट नव्हे. एमसीबी पाडा, दहा मिनिटं थांबा, मग चालू करा. बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, तो उतरल्याशिवाय बोर्ड खऱ्या अर्थानं झोपत नाही. चालू केल्यावर तीन मिनिटं कॉम्प्रेसर लागणार नाही, तो उशीर मुद्दाम ठेवलेला असतो, दोन बाजूंचे दाब सारखे व्हावेत म्हणून. या तीन मिनिटांत लोक धीर सोडून चारदा बटण दाबतात. रीसेट केल्यावर कोड गेला आणि महिनाभर आला नाही, तर तो व्होल्टेजचा झटका असेल. तासाभरात परत आला, तर पुन्हा पुन्हा रीसेट करून यंत्राला छळू नका, कारण शोधा.

आणि इन्व्हर्टर एसीचं आउटडोअर कधीही स्वतः उघडू नका. २३० व्होल्टची लाइन आत सरळ होऊन सव्वातीनशे व्होल्ट डीसी होते आणि ती मेन बंद केल्यावरही काही मिनिटं कपॅसिटरमध्ये जिवंत असते. मी स्वतः मीटरनं ती शून्यावर आलेली बघितल्याशिवाय बोट आत घालत नाही. इनडोअरचं झाकण, फिल्टर, सेन्सरचे कपलर, बाहेरून दिसणाऱ्या वायरी, प्लग, एमसीबी, एवढं तुमचं क्षेत्र. बाकीचं आमचं.

कारागिराला फोन करताना ‘एसी बंद पडलाय’ एवढंच सांगू नका. पडद्याचा फोटो, मॉडेलच्या स्टिकरचा फोटो, कोड कधी येतो, तेव्हा लाइन कुठून घेतली होती, आणि आधी कुणी काय बदललंय, हे पाठवा. यातलं शेवटचं लोक लपवतात, संकोच वाटतो म्हणून. लपवू नका. नवा बोर्ड घातलाय हे काकांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, म्हणून मी बोर्ड सोडून वायर धरली.

परवा त्यांचा पुन्हा फोन आला, सौंदत्तीच्या डोंगरावरून. यल्लम्माच्या दर्शनाला आले होते, गाडी उन्हात उभी, एसीवर कोड. म्हणाले, “मिस्त्री, ह्या बारीला ई पाच न्हाई, दुसरंच कायतरी हाय. पेटीचं दार बंद ऱ्हायलंय, तेच असंल न्हवं?” मी म्हटलं, दार उघडा, पंधरा मिनिटं थांबा, मग लावा. वीस मिनिटांनी त्यांचा फोटो आला. पडद्यावर २४.